भेंडीच्या मुळांवरच्या गाठी आणि यंदाचे वाफे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या परसातली भेंडी गुडघ्याच्या वर गेलीच नाही. सकाळी टवटवीत असायची आणि बारा वाजले की माना टाकायची. माती बघावी तर ओली. मी पाणी वाढवलं, शेणखत घातलं, दुकानदारानं दिलेलं दाणेदार खतही घातलं. हाताला लागल्या त्या चार-दोन वाकड्या भेंड्या. पुढे पावसाळ्यात त्याच वाफ्यात वांगी लावली, तीही तशीच खुरटली. रोज सकाळी झारी घेऊन उभी राहायचे आणि जीव तुटायचा.

कारण कळलं ते यंदा, महाशिवरात्रीला, म्हणजे २६ फेब्रुवारी २०२५ ला. आमच्या साताऱ्यात थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते ती याच सुमाराला, आणि उन्हाळी भाज्यांसाठी परस आवरायला मी तेव्हाच घेते. उरलेली वांगी उपटायला घेतली. पहिलं झाड हातात आलं आणि मुळं बघून मी तिथेच बसले. ओल्या हळकुंडासारखी सगळी गाठाळलेली.

आधी वाटलं, चवळी-घेवड्याच्या मुळांवर असतात तशाच या गाठी असतील, म्हणजे चांगल्याच. भाचा कृषी पदवीधर आहे, त्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. “मावशी, नखानं खरवडून बघ, गाठ सुटी होते का?” नाही झाली. मूळच आतून सुजलेलं होतं. मग कोपऱ्यातल्या घेवड्याचं एक रोप उपटून शेजारी ठेवलं. त्याच्या गाठी मुळाला बाहेरून मणी चिकटवावेत तशा होत्या, नख लावलं की टपकन पडत होत्या, आणि एक फोडली तर आत गुलाबी. त्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र रोपाला देतात. वांग्याच्या गाठी मात्र सूत्रकृमींच्या. डोळ्यांना न दिसणारे हे किडे मुळात शिरतात, मूळ सुजतं आणि पाणी वर चढत नाही. म्हणून ओल्या मातीतही झाड दुपारी मान टाकत होतं. तीन वर्षं मी त्याच दोन वाफ्यांत टोमॅटो, वांगी, भेंडी आलटून-पालटून लावत होते. वाटायचं, पीक बदलतेय. पण तिन्ही सूत्रकृमींच्या आवडीची! त्यांना तीन वर्षं जेवण वाढत होते म्हणायचं.

मग सगळा बेत बदलला. दक्षिणेकडचे ते दोन वाफे यंदा भाजीला द्यायचे नाहीत असं ठरवलं. गाठाळलेली मुळं एकूण एक वेचली, उन्हात कडकडीत वाळवली आणि जाळली. ती कंपोस्टात टाकायची नाहीत. एरवी परसातलं पानही मी जाळू देत नाही, पण इथे इलाज नव्हता. वाफे खणून पाणी भरलं आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चारी कडा मातीत गाडल्या. काळं नाही, पारदर्शकच हवं, म्हणजे ऊन आत जातं आणि माती तापते. माती ओली असेल तर उष्णता खोलवर पोचते. दुपारी कागदाखाली हात घातला तर चटका बसत होता. सहा आठवडे तसंच ठेवलं. यासाठी एप्रिल-मे जास्त चांगले, हे खरं. पण मला तेवढा धीर नव्हता.

भेंडीसाठी उत्तरेचा वाफा घेतला, दहा फूट बाय चार फूट, जिथे हिवाळाभर लसूण होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लसूण काढला. पाणी देऊन तीन दिवस थांबले, वाफसा येईपर्यंत. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि अंगठ्यानं ढकलला की फुटावा, तो वाफसा. त्याआधी कुदळ लावली तर आमच्या मातीची ढेकळं होतात, ती पुढे फुटता फुटत नाहीत. वीतभर खणून तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळली. पेंड पेरणीच्या पंधरा दिवस आधी घालून ओलावा ठेवायचा, म्हणजे मातीत मुरते. होळीनंतर शेजारच्या वहिनींनी पाटीभर राख आणून दिली. तिच्यातली दोन मुठीच वापरली, कारण राखेनं माती आणखी खारवट होते.

याच दिवसांत कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात. गल्लीत सकाळी ढीग पेटलेले दिसले की मला राहवत नाही. यंदा घरोघरी जाऊन सांगितलं, पेटवू नका, पोत्यात भरून मला द्या. अकरा पोती जमली.

पाडव्याला, ३० मार्चला, गुढी उभारून झाल्यावर पेरणी केली. ‘परभणी क्रांती’ या भेंडीच्या वाणाचं बी रात्रभर भिजवलं होतं. एका जागी दोन बिया, दोन ओळींत दीड फूट अंतर. पाचव्या-सहाव्या दिवशी जोडपानं वर आली. रोपं वीतभर झाल्यावर चार बोटं जाडीचा पालापाचोळा पसरला, खोडाभोवती मात्र वळसा मोकळा ठेवून. पाणी आता एक दिवसाआड पुरतं.

तापवलेल्या दोन वाफ्यांवरचा कागद १० एप्रिलला काढला. तिथे सूत्रकृमी कमी व्हावेत म्हणून झेंडू दाटीनं लावलाय. मोठ्या फुलांचा नव्हे, भाच्यानं सांगितलेला बुटका. मुळं जमिनीतच राहू द्यायची आहेत. पुढच्या हंगामात तिथे कांदा.

परवा विरळणी केली. जोडीतलं बारकं रोप उपटायचं, तर पहिल्यांदा हात आखडलाच. बादलीतल्या पाण्यात मूळ विसळलं, उन्हाकडे धरलं. दोरीसारखं सरळ, पांढरंशुभ्र. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. कुठेच गाठ नाही. तिन्ही मुळांचा फोटो काढून आधी भाच्याला पाठवला, मग वाफ्याला पाणी दिलं.