बोल्ट आवळायला जपानला

जपानला ट्रेनिंगला जाऊन आलं की लोक हमखास विचारतात, काय शिकलीस गं तिथे? विचारताना त्यांच्या डोक्यात रोबो, बुलेट ट्रेन, झालंच तर ते आपोआप उघडणारं कमोडचं झाकण असलं काहीतरी असतं. मी खरं काय ते सांगते, बोल्ट आवळायला शिकले. मग एकदम शांतता. आणि मग, एवढ्यासाठी कंपनीने तिकीट काढलं? हो ना, एवढ्यासाठीच, आणि मला विचाराल तर पैसे वसूल झाले.

मी क्वालिटीत काम करते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायचा पगार घेते. टॉर्क म्हणजे काय, त्याचं सूत्र काय, हे सगळं परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. त्यामुळे नागोयाजवळच्या त्या कारखान्यात सुरुवातीलाच माझ्या हातात टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराला टक् करणारा पाना, देऊन एका कव्हरचे चार बोल्ट लावायला शिकवायला लागले तेव्हा मनातून अपमान वाटला होता, कशाला खोटं बोलू. आम्हाला शिकवणारे सेन्सेई रिटायरमेंटला टेकलेले, सगळी उमेदवारी प्रेस शॉपच्या मशिनांच्या धडधडाटात गेल्यामुळे जरा कमीच ऐकू यायचं त्यांना, इंग्रजी शून्य. माझं जपानी म्हणजे एओटीएसच्या कोर्सात शिकलेलं, ही १९५९ साली परदेशी तंत्रज्ञांना ट्रेनिंग देण्यासाठीच काढलेली संस्था आहे, तिथे आधी भाषा शिकवून मग कारखान्यात सोडतात. कोर्सात मी स्टेशन कुठे आहे हे फार सुंदर विचारायला शिकले होते. शॉपफ्लोरवर स्टेशन नव्हतं.

तर एकाला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही, आणि शिकवणं चालू.

पहिली गोष्ट त्यांनी काय केली तर मला समोरून उठवून स्वतःच्या बाजूला, जरा खांद्याच्या मागे उभं केलं. समोर उभं राहिलं की त्यांचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो, सगळं आरशातल्यासारखं उलटं, आणि मग शिकणाऱ्याची अर्धी बुद्धी ते सुलटं करण्यात जाते. इतकी साधी गोष्ट. इतक्या वर्षांच्या शाळा-कॉलेजात आणि नोकरीत मला कोणी शिकवताना असं हाताला धरून जागेवर उभं केलेलं आठवत नाही. मग त्यांनी चारही बोल्ट एकदा गुपचूप लावून दाखवले. दुसऱ्यांदा लावताना फक्त पायऱ्या सांगितल्या, तिसऱ्यांदा पायरीबरोबर त्यातली मेख, आणि चौथ्यांदा मेखेमागचं कारण. म्हणजे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवायचा, का, तर डायरेक्ट बोल्ट फिरवायची मशीन गन लावली तर तो तिरपा चढतो आणि आटे खराब होतात, आणि वाईट म्हणजे वरून बघितलं तर घट्ट बसल्यासारखाच दिसतो. पहिल्यानंतर शेजारचा नाही तर समोरचा बोल्ट घ्यायचा, का, तर नाहीतर कव्हर एका बाजूने आधी दाबलं जातं आणि गॅस्केट, म्हणजे गळती रोखायला मध्ये घातलेली चकती, दुसऱ्या बाजूने तोंड उघडतं. रेंचने टक् केलं की थांबायचं, मनाच्या समाधानासाठी परत एकदा टक् करायचं नाही, कारण प्रत्येक जास्तीच्या टक् ला बोल्ट थोडा अजून फिरू शकतो. आणि आवळून झाल्याची पेंटची खूण त्याच बोल्टवर लगेच करायची, चारही झाल्यावर एकदम नाही, कारण एकदम करताना आपण बोल्ट बघत नसतो, नुसत्या खुणा करत सुटतो.

ही शेवटची मेख ऐकली तेव्हा माझा अपमान वगैरे पार उतरला. मी स्वतः ऑडिटमध्ये किती खुणांवर विश्वास ठेवून पुढे गेले होते ते देवाला माहीत.

मग माझी पाळी. आधी न बोलता करायचं, मग पायऱ्या बोलत, मग मेखा, मग कारणं. मोडक्यातोडक्या जपानीत, जिथे शब्द नाही तिथे हात नाचवत, चेहरे करत. गंमत म्हणजे भाषा येत नव्हती म्हणूनच ते जमलं असं मला आता वाटतं, कारण मराठीत किंवा इंग्रजीत मी 'हो हो समजलं' म्हणून वेळ मारून नेली असती, ती सोय इथे नव्हती, समजलं की नाही हे हातानेच दाखवावं लागत होतं. आणि चुकलं की सेन्सेई तिथल्या तिथे हात धरायचे पण कपाळाला आठी नाही, उलट ते स्वतःच्याच वहीत काहीतरी लिहायचे. मला वाटायचं माझे मार्क कापतायत. बऱ्याच दिवसांनी एकाकडून कळलं, ते स्वतःचं सांगताना काय राहिलं ते लिहून ठेवत होते!

नंतर वर्गात या पद्धतीची माहिती मिळाली आणि मी आडवीच झाले, कारण हे जपानी नाहीच मुळी. टीडब्ल्यूआय, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, हा अमेरिकेत १९४० साली दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत सुरू झालेला कार्यक्रम. कारखान्यातले अनुभवी पुरुष सैन्यात निघालेले, आणि त्यांच्या जागी ज्यांनी कधी कारखाना आतून बघितला नाही अशी माणसं, त्यात भरपूर बायका, आणि त्यांना महिन्यांत नाही तर दिवसांत तयार करायचं. मग सुपरवायझरना शिकवायचं कसं तेच शिकवायला घेतलं. चार पायऱ्या, आधी शिकणाऱ्याची तयारी, मग काम दाखवणं, मग त्याच्याकडून करून घेणं, मग पाठपुरावा, आणि हे सगळं खिशात मावेल एवढ्या कार्डावर छापलेलं. याची मुळं अजून मागची, पहिल्या महायुद्धात जहाज बांधणीसाठी चार्ल्स अॅलन नावाच्या माणसाने बसवलेल्या पद्धतीत. १९४५ पर्यंत साडेसोळा हजार कारखान्यांतल्या साडेसतरा लाख लोकांना हे शिकवून झालं, आणि युद्ध संपल्यावर अमेरिकेने सरकारी कार्यक्रम बंद करून टाकला, गरज संपली म्हणून. मग तेच सामान अमेरिकन ताब्यातल्या, बॉम्बने भाजून निघालेल्या जपानमध्ये गेलं आणि जपानने ते अजून सोडलेलं नाही.

वर्गात त्याचं एक जुनं प्रात्यक्षिक करून दाखवतात, इलेक्ट्रिशियन लोक वायरला मारतात त्या एका गाठीचं. आधी एकाला नुसतं तोंडाने सांगायचं, तो वायर घेऊन बावळटासारखा उभा राहतो. दुसऱ्याला न बोलता करून दाखवायचं, तोही लटकतो. आणि मग तीच गाठ पायरी, मेख, कारण असं करत शिकवली की तिसरा मारतो. आमच्या बॅचमध्ये इंडोनेशियाचे, थायलंडचे, व्हिएतनामचे लोक होते, सगळे आपापल्या कारखान्यात सांगण्यात नाहीतर दाखवण्यात पटाईत, आणि त्या गाठीपाशी सगळ्यांचेच चेहरे एकसारखे झाले होते.

त्या कार्यक्रमाचं एक वाक्य आहे, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही. वाचताना सोपं वाटतं. पण आपल्याकडे या प्रसंगासाठी म्हणी तयार आहेत, पालथ्या घड्यावर पाणी आणि गाढवापुढे वाचली गीता, आणि दोन्हीकडे दोष घड्याचा नाहीतर गाढवाचा, पाणी ओतणारा आणि गीता वाचणारा दोघंही बाइज्जत बरी. घडा पालथा दिसत होता तर आधी सुलटा का नाही केला, हे कोणी विचारत नाही. मला वाटतं सेन्सेईंनी मला बाजूला उभं केलं तेव्हा तेच केलं होतं.

आता आभार मानायचे तर मानायचे कुणाचे, हा माझा खरा प्रश्न आहे, कारण धागा ओढायला घेतला की संपतच नाही. नागोयात टोयोटाचं एक म्युझियम आहे, जुन्या लाल विटांच्या कापड गिरणीच्या जागेत, तिथे साकिची टोयोदाचे माग अजून चालवून दाखवतात. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, म्हणजे खराब कापड विणलंच जात नाही आणि एक बाई कितीतरी माग सांभाळू शकते. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले, ज्या इंग्लंडने जगाला कापडाची मशिनं विकली त्याच इंग्लंडने! मी त्या मागासमोर इतका वेळ उभी होते की बरोबरचे सगळे कारच्या दालनात पोचून परत आले. तेच तत्त्व पुढे गाड्यांच्या लाइनवर दोरीच्या रूपात दिसतं, कामगाराला काही गडबड दिसली की दोरी ओढायची, सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो आणि प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. मी पाहिलेला लीडर आल्या आल्या आधी थँक्यू म्हणायचा. मला ते थँक्यू त्या दोरीपेक्षा जास्त आवडलं, दोरी काय कोणीही बसवेल.

डेमिंगचंही तसंच. हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ, १९५० च्या उन्हाळ्यात त्याने जपानी इंजिनिअरांना आणि कंपन्यांच्या वरच्या लोकांना क्वालिटीवर लेक्चरं दिली, त्या लेक्चरांचं पुस्तक निघालं तर त्याची रॉयल्टी घेतली नाही, आणि त्या पैशातून जपानी लोकांनी त्याच्याच नावाने १९५१ पासून बक्षीस सुरू केलं. ते बक्षीस १९९८ साली पहिल्यांदा एका भारतीय कंपनीला मिळालं, सुंदरम क्लेटनला. आणि डेमिंगच्या स्वतःच्या देशात त्याचं नाव घराघरात पोचलं ते १९८० मध्ये एका टीव्ही कार्यक्रमामुळे, तोवर बुवा ऐंशीला टेकले होते. घरकी मुर्गी, दुसरं काय.

अजून एक सांगते मग थांबते या विषयावर. तिथे रेल्वेचे ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने सिग्नल बोलतात, आमच्या कारखान्यातही गेजकडे बोट दाखवून बोलायचं असायचं. पहिल्यांदा हसू येतं. पण तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेने प्रयोग केला तेव्हा नुसतं बघून काम करण्यापेक्षा बोट आणि आवाज दोन्ही वापरून चुका सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झालेल्या. न्यूयॉर्कच्या सबवेत १९९६ पासून गार्ड प्रत्येक स्टेशनवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या पाटीकडे बोट दाखवतात, हेही जपानहून उचललेलं, फक्त त्यांनी ओरडणं वगळलं. मी घराबाहेर पडताना कुलपाकडे बोट दाखवून "बंद" म्हणते. शेजारच्यांना सवय झालीय आता.

सगळंच गोड होतं असं नाही हं. काम संपलं तरी साहेब बसलेत म्हणून खाली मान घालून बसून राहणारी माणसं मी पाहिली, आणि त्यातला कोणी उठून दोरी ओढत नव्हता हेही पाहिलं. मीटिंगमध्ये सगळं आधीच ठरून आलेलं असायचं, आपण फक्त मान हलवायची. शॉपफ्लोरवर बायका इतक्या कमी की लेडीज लॉकर रूम गाठायला मला आख्खी बिल्डिंग पार करावी लागायची. आणि जी पद्धत अमेरिकेत मुळात कारखान्यात नव्याने आलेल्या बायकांना उभं करायला कामी आली, ती तिथे इतकी रुजली पण बायका नाही रुजल्या, हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. आभार मानायचे म्हणजे डोळे मिटून मानायचे असं थोडंच आहे.

आणि परत आल्यावरचं एक दुखणं असतं, 'जपानमध्ये ना असं नसतं' नावाचं. ते मलाही झालं होतं. टीममधली पोरं मागे बोटं मोजायची म्हणे, आज मॅडम कितीदा जपान म्हणाल्या.

सेन्सेईंना मी अधूनमधून मेल करते, ट्रान्सलेटरच्या भरवशावर. धन्यवाद लिहिलं की त्याबद्दल उत्तरात चकार शब्द नसतो, थेट विचारतात की नवीन लोकांना शिकवतेस का, आणि त्यांना कुठे अडतं. कुठे अडतं याची यादी पाठवली की मात्र लांबलचक उत्तर येतं, स्केचसकट.

त्यातली शेवटची यादी मात्र नवीन लोकांना कुठे अडतं याची नाही, मला कुठे अडतं याची आहे. पहिल्या तीन पायऱ्या मला बऱ्या जमतात, नवीन पोरीला बाजूला उभं करते, मेखा सांगते, कारणं वदवून घेते. चौथी पायरी म्हणजे पाठपुरावा, त्यात कार्डावर लिहिलंय की अडलं तर कोणाला विचारायचं ते सांगून ठेवा, मध्ये मध्ये बघत जा, आणि बघणं हळूहळू कमी करा. ते कमी करणं काही जमत नाही बाई. परवा आमची एक ट्रेनी शेवटी म्हणालीच, मॅडम, बोल्ट मला येतात आता, पण तुम्ही खांद्यामागे उभ्या राहिलात की टेन्शन येतं. बरोबर आहे तिचं. पण कार्डाच्याच हिशोबाने बघायचं तर मी शिकले नाही म्हणजे शिकवणाऱ्याने शिकवलं नाही, तेव्हा यात माझा दोष शून्य आणि सगळा दोष नागोयातल्या त्या म्हाताऱ्याचा, आणि पुढच्या मेलमध्ये मी त्यांना तसं कळवणार आहे.