चंद्रतालचा बेत, उलट्या दिशेने

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्याहून चार फोर बाय फोर गाड्या आणि अकरा माणसे घेऊन आम्ही हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात निघणार आहोत. गेले दोन महिने चाललेल्या तयारीत सर्वाधिक वेळ एकाच प्रश्नावर गेला : चंद्रताल हा उंचावरचा तलाव आधी की शेवटी?

दोन वर्षांपूर्वी आम्ही मनालीहून थेट चंद्रतालला गेलो होतो. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर, म्हणजे एका दिवसात आम्ही शरीराला दोन हजार मीटरहून अधिक चढवले. त्यातच वाटेवरचे ग्राम्फू सोडल्यावर छत्रू या मुक्कामाच्या पुढचा मोठा ओढा आम्हाला दुपारी साडेतीनला लागला. हिमनद्यांचे पाणी दिवसाच्या उन्हाने वाढत जाते. सकाळी घोट्याइतका असलेला ओढा दुपारी गुडघ्यावर चढतो आणि तळाचे दगड दिसेनासे होतात. दुसरी गाडी तिथे दगडांत अडकली, ती काढण्यात दीड तास गेला, तंबू अंधारात लागले आणि रात्री एका सहकाऱ्याला डोकेदुखी व उलट्या सुरू झाल्या. पहाटेच त्याला खाली उतरवावे लागले. ती रात्र मी विसरलेलो नाही, म्हणूनच या वेळी मार्ग उलटा धरण्याचा आग्रह मी सोडला नाही.

आता आम्ही शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो असे टप्प्याटप्प्याने चढत स्पितीतल्या काझा गावी पोहोचू, तिथे दोन रात्री राहू आणि मग लोसर व कुंझुम खिंडीवरून चंद्रतालला उतरू. यामुळे उंचीची सवय हळूहळू होते, आणि दुसरा लाभ तितकाच मोठा आहे : चंद्रतालच्या खालच्या बातलपासून छत्रूपर्यंतचा ओढ्यांचा पट्टा आम्हाला मुक्कामानंतरच्या सकाळी लागतो. सहा वाजता गाड्या सुरू झाल्या, तर पाणी चढण्यापूर्वी आपण पलीकडे असतो. त्यामुळे आदल्या संध्याकाळीच सामान भरून ठेवायचे आणि सकाळी फक्त चहा व खाकरे, हे सर्वांनी मान्य केले आहे.

इंधनाचा हिशेब मी कमीत कमी ॲव्हरेजवर केला आहे. काझानंतर या मार्गावर मनालीपर्यंत पंप नाही; चंद्रतालचा फाटा धरून अंतर सुमारे २३० किलोमीटर होते. लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या संथ पण जोरकस गिअरमध्ये, लिटरमागे सातच किलोमीटर मिळतील असे मानले, तरी जिमनीची ४० लिटरची टाकी २८० किलोमीटर नेते. थारची ५७ लिटरची असल्याने तिची चिंताच नाही. म्हणून टपावर कॅन बांधण्याची सूचना मी नाकारली, कारण टपावरचे वजन गाडीला कलवते. मात्र काझाला पोहोचल्या दिवशीच टाक्या भरायच्या. तेवढ्या उंचीवर हवा विरळ असल्याने टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या जिमनीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते, तेव्हा जड सामान थारमध्ये जाईल.

रिकव्हरीच्या सामानात कायनेटिक दोर (अडकलेली गाडी ओढताना ताणला जाणारा), दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडे आणि हवा भरण्याचा कॉम्प्रेसर आहे. दोर फक्त चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, हुकाला लावायचा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही. तो गोळा ताणाखाली तुटला तर गोळीसारखा सुटतो. बातलच्या परिसरात मोबाइलचा भरवसा नसल्याने परवानामुक्त पट्ट्यातले वॉकीटॉकी चारही गाड्यांत राहतील. सॅटेलाइट फोन भारतात परवानगीविना बाळगणे बेकायदेशीर आहे, म्हणून तो विचार सुरुवातीलाच बाद झाला.

स्वयंपाकाची आखणी एका कारणाने वेगळी करावी लागली. चंद्रतालच्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातला भात कच्चाच राहतो. पाच लिटरचा कुकर, मुगाची खिचडी आणि पिठले एवढेच ठेवले आहे. तलावाच्या काठावर तंबू लावण्यास बंदी आहे. आपला तळ काही किलोमीटर अलीकडे, नेमून दिलेल्या जागेत असेल, आणि कचऱ्याची पोती मनालीपर्यंत आपल्याच गाडीतून येतील.

शेवटच्या गाडीत कोण बसेल, हे अजून ठरायचे आहे. तिथे अनुभवी चालक आणि औषधांची पेटी दोन्ही हवीत, कारण पुढच्या तीन गाड्यांपैकी कोणतीही थांबली तरी शेवटची गाडी तिच्यापर्यंत पोहोचतेच.