आमची वाटचाल : भात्यावर चालणारं डिजिटल वाद्य

पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) निघत नाही, ही तक्रार पेटीइतकीच जुनी. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि १९७१ मध्ये ती सैल केली. त्या वादातही मींड आणि ठरीव अंतराचे सूर हेच मुद्दे होते. अखंड सरकता सूर देणारी विजेची वाद्यं मात्र तेव्हाही होती. फ्रान्सच्या मोरिस मार्तनो यांचं वाद्य १९२८ चं. उजव्या हाताच्या बोटात दोरीला जोडलेली अंगठी, ती सरकली की सूर सरकतो. आवाज किती, हे डाव्या हाताखालच्या एका दाबपट्टीवर. ती दाबली नाही तर अंगठी कितीही फिरवा, आवाज नाही. आमच्या वाद्याची विभागणी हीच आहे, फक्त डाव्या हाताला दाबपट्टीऐवजी भाता दिला.

आम्ही पेटी दुरुस्तीतून या धंद्यात आलो, त्यामुळे भाता घरचाच. पण तो ठेवला श्रोत्यांसाठी. हातपेटी आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेली आहे, संगीत नाटकवाल्यांनी पायपेटीही. हवा भरली तर आवाज, थांबलं तर बंद, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वाद्यावर रंगीत दिवे लावून हा परिणाम साधत नाही. दिवे दुकानात विक्रीला बरे.

सुरासाठी ५०० मिलिमीटर लांबीची, १० किलोओहमची स्पर्शपट्टी वापरतो : बोट जिथे टेकेल त्या जागेनुसार तिच्यातून मिळणारं व्होल्टेज बदलतं. त्यात तीन सप्तकं बसतात, म्हणजे एका सप्तकाला सुमारे १६७ मिलिमीटर. पियानोचं सप्तक साधारण १६५ चं असतं, त्यामुळे पेटीवाल्याचा हात फारसा चुकत नाही. पण बोट १ मिलिमीटर हललं की सूर ७.२ सेंट हलतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), हे लक्षात ठेवूनच पुढचं सगळं करावं लागतं. मिडीच्या, म्हणजे डिजिटल वाद्यं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिच्या, साध्या कंट्रोल संदेशात १२८ पायऱ्या असतात. तीन सप्तकांत वाटल्या तर एक पायरी २८ सेंटची होते आणि मींड जिन्यावरून उतरल्यासारखी ऐकू येते. म्हणून १४ बिटांचा पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारा १६,३८४ पायऱ्यांचा संदेश. त्याचा पल्ला वर-खाली ४८ अर्धस्वर धरला तरी पायरी ०.६ सेंटच्या आत राहते.

बोट उचललं की पट्टीची मधली तार लोंबकळते, तिच्यावर ठरलेलं व्होल्टेजच राहत नाही, म्हणून तिथून ग्राउंडला एक रोध लावतात. बहुतेक सर्किटच्या नकाशांत तो १०० किलोओहमचा असतो. बटणाच्या कामाला तो चालेल, गाण्याला नाही : पट्टीच्या मध्यावर तेवढ्यानेच सूर ४४ सेंट खाली बसतो. १ मेगाओहम लावला की चूक साडेचार सेंटवर येते आणि उरलेली प्रोग्रॅममधल्या दुरुस्तीच्या तक्त्याने काढता येते. त्यासोबतचा कपॅसिटर १ नॅनोफॅरडपेक्षा मोठा नको, नाहीतर बोट उचलल्यावर सूर घसरत खाली जातो. तरी थोडी घसरण राहतेच. म्हणून बोटाचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की शेवटचा सूर तिथेच गोठवतो.

मुरकीचा, म्हणजे जवळच्या सुरांच्या झटपट वळणाचा, प्रश्न वेगळा. षड्जावर बोट ठेवून वरच्या रिषभाला दुसरं बोट टेकवलं, तर पट्टी दोघांच्या मधलाच कुठला तरी सूर सांगते, कारण दोन बोटांमधला भाग शॉर्ट होतो. पण त्याच वेळी पट्टीचा एकूण रोधही कमी होतो. पट्टीला एक रोध सिरीजमध्ये जोडून तो मोजला की दोन मापं मिळतात आणि दोन्ही बोटांच्या जागा गणिताने निघतात. वरचं बोट वाजवायचं, खालचं लक्षात ठेवायचं.

भात्याचं काम पेटीसारखंच : बाहेरचा भाता, आत स्प्रिंगवरचा हवासाठा. हा साठा काढून खर्च वाचवण्याचा मोह होतो. तो काढला की प्रत्येक झटक्याला आवाज उसळतो, आणि प्रोग्रॅममध्ये तो गुळगुळीत करायला गेलं तर सुराची सुरुवातच बोथट होते. दाब मोजायला दोन्ही दिशांना २ किलोपास्कलचा सेन्सर पुरतो. तो ५ व्होल्टवर चालतो, मायक्रोकंट्रोलर ३.३ वर, मध्ये १० आणि २० किलोओहमचा विभाजक न घालता जोडला तर पिन जळू शकते.

खरी अडचण अशी की इथे पेटीसारखे रीड, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्याच नाहीत, म्हणजे हवा जाणार कुठे? कोंडली तर भाता दगड होतो. कायमचं भोक ठेवलं तर दोन ओळींच्या मधल्या विसाव्यात साठा रिकामा. त्यामुळे अख्खी स्पर्शपट्टी स्प्रिंगवर तोलली आहे. बोटाने ती २ मिलिमीटर खाली जाते आणि चामड्याची झडप उघडते. वाजवतानाच हवा खर्च होते, हात आपोआप भात्याकडे जातो, आणि समोरच्याला दोन्ही हातांचा संबंध दिसतो.

भात्याचा दाब नुसता आवाजाला जोडला तर वाद्य मुकाट वाटतं. आमच्याकडे दाब वाढला की आवाजाबरोबर धारही वाढते, आणि बोट जोरात दाबलं तर जवारी (तंबोऱ्यासारखी झणझणीत गुंज) उघडते. सूर जागेवर बसवून देणारी मदत फक्त पहिल्या स्पर्शापुरती, तीही ३० सेंटच्या आत असेल तरच. नंतर बोट मोकळं. ही मदत समान अंतराच्या सुरांवर ठेवली तर शुद्ध गंधार ३८६ ऐवजी ४०० सेंटवर ओढला जातो, म्हणून प्रत्येक स्वर वाजवणाऱ्याला स्वतः लावता येतो. दरबारीच्या गंधारासाठी बरेच जण ती बंदच करतात, आणि तेच योग्य.

बोटापासून आवाजापर्यंत १० मिलिसेकंदांहून जास्त वेळ जाऊ नये आणि त्यात १ मिलिसेकंदाहून जास्त चढउतार नको, हा संगणक-संगीताचे संशोधक वेसल आणि राइट यांनी २००२ मध्ये मांडलेला निकष आम्ही पाळतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या गतीला आवाजाच्या १२८ नमुन्यांचा एक गठ्ठा म्हणजे २.९ मिलिसेकंद. ब्लूटूथने उशीर वाढतो, म्हणून ते दिलेलं नाही. मागणी येते, तरी देणार नाही.

स्पीकर वाद्यातच आहे, म्हणजे आवाज हातांजवळूनच येतो. मोठ्या सभागृहात पेटीसारखा माइक लावावा. स्पीकरची खोली भात्यापासून पूर्ण बंद हवी. फट राहिली तर खर्जात स्पीकरच सेन्सरला ढकलतो आणि आवाज आपोआप थरथरू लागतो.

वापरात सर्वात आधी झिजते ती स्पर्शपट्टी. तिच्या जोडणीच्या शेपटीला डाग (सोल्डर) देऊ नये, प्लास्टिक वितळतं. दाबून बसवायचा कनेक्टरच वापरावा. एकदा चिकटवलेली पट्टी उचकटून पुन्हा नीट बसत नाही, म्हणून ती वेगळ्या ॲल्युमिनियमच्या फळीवर चिकटवून देतो. चार स्क्रू आणि एक कनेक्टर काढला की फळी बदलता येते. सुटी फळी कुरियरने मिळते; बसवल्यावर तिन्ही सप्तकांतल्या षड्ज-पंचमांवर बोट ठेवून दुरुस्तीचा तक्ता नव्याने भरावा. भात्याला पेटीवाला कोणीही चालेल.