कॉन्कर्डच्या टेकडीवर: थडग्यांच्या शोधातला एक दिवस

बॉस्टनला मुलाकडे राहत असताना, नोकरीच्या काळात ज्यांची नावे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली त्या लेखकांची थडगी एकदा पाहून यावीत असे मनात आले आणि एका सकाळी नॉर्थ स्टेशनवरून गाडी पकडून मी एकटाच कॉन्कर्डला उतरलो. मॅसॅच्युसेट्समधल्या या लहानशा गावात स्लीपी हॉलो नावाची दफनभूमी आहे आणि इमर्सन, थोरो, हॉथॉर्न व लुइझा मे अल्कॉट हे चौघेही तेथेच आहेत, एवढ्या माहितीवर मी निघालो होतो.

पहिली चूक लगेच झाली. चौकाजवळच्या चढावर झुकलेले जुने दगड दिसताच हीच ती जागा असे समजून मी अर्धा तास नावे वाचत फिरलो. ती गावाची त्याहून जुनी दफनभूमी निघाली. तेथे फिरायला आलेल्या एका आजींनी मला बेडफर्ड रस्त्याकडे वळवले.

स्लीपी हॉलो १८५५ मध्ये खुली झाली, तेव्हाचे भाषण इमर्सननेच केले होते. लेखकांच्या टेकडीकडे जाणाऱ्या वाटेवर फलक आहेत. अडचण येते ती वर पोहोचल्यावर. भव्य स्मारके शोधण्याच्या नादात मी थोरोच्या थडग्यावरून दोनदा पुढे गेलो, कारण कुटुंबाच्या मोठ्या शिळेवर सर्वांची नावे असली, तरी त्याच्या स्वतःच्या वाट्याला गुडघ्याएवढाही नसलेला दगड आला आहे आणि त्यावर केवळ ‘हेन्री’ असे कोरलेले आहे. १८६२ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेलेल्या या माणसाला आधी दुसरीकडे पुरले होते. येथे तो नंतर आला. दगडाभोवती लोकांनी पेन्सिली ठेवल्या होत्या. त्याच्या वडिलांचा पेन्सिलींचा कारखाना होता आणि तेथील पेन्सिलींचा दर्जा हेन्रीने सुधारला होता, हे ठाऊक असणारेच त्या ठेवत असावेत. माझ्या खिशात बॉलपेन होते. ते ठेवणे मला प्रशस्त वाटले नाही.

हॉथॉर्न १८६४ मध्ये वारला, पण त्याची पत्नी सोफिया आणि मुलगी ऊना या लंडनमध्ये पुरलेल्या होत्या. त्यांचे अवशेष २००६ मध्ये आणून त्याच्या शेजारी ठेवण्यात आले. लुइझा १८८८ मध्ये वडिलांच्या पाठोपाठ अवघ्या दोन दिवसांनी गेली. यादवी युद्धात तिने परिचारिकेचे काम केले होते. इमर्सनच्या थडग्यावर मात्र गुलाबी गारेचा अनघड धोंडा आहे, तो लांबूनही ओळखू येतो.

सर्वांत वेळ लागला तो एफ्राइम बुल या माणसाला शोधायला. तो लेखक नव्हता, त्यामुळे टेकडीवर नव्हता. कॉन्कर्ड जातीची काळी द्राक्षे त्याने १८४९ मध्ये तयार केली, पण त्यांतून पैसा मिळवला तो दुसऱ्यांनी. ‘त्याने पेरले, इतरांनी कापले’ अशा अर्थाची ओळ त्याच्या दगडावर आहे. संध्याकाळी घरी परतलो, तेव्हा नातू त्याच द्राक्षांची जेली पावाला लावून खात होता.