तुझ्या आवडीचा रंग

परवा दुपारी बाळंतविड्यातलं शेवटचं टोपडं विणून झालं. टाके बंद केले, लोकरीचं टोक आत ओवलं आणि सवयीने ते खिडकीपाशी मांडून फोन काढला. रंग चिंतामणी. फोनमध्ये आला नुसता निळा. जरा तिरपा धरला तर हिरवट. पडदा सरकवला तर थेट शाळेचा गणवेश. पाचव्या फोटोनंतर मी फोन पालथा ठेवला, पाणी प्यायले, आणि आमच्या विणणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘चिंतामणी रंगाचं टोपडं झालं. कडेला एक सुलट एक उलट, वर साधंच, मध्ये एक जाळीची ओळ. जाळीनंतर एकदा सगळं उसवलं.’

लगेच उत्तर आलं. ‘फोटो?’

फोटो टाकत नाही म्हटलं की लोकांना वाटतं, बाईचं काहीतरी बिघडलेलं असणार. किंवा दृष्ट लागायची भीती. (ती थोडी आहे, पण ते जाऊ दे.) खरं सांगायचं तर फोटो टाकला की बोलणं संपतं. ‘सुरेख’, ‘मस्त गं’, दोन बदाम, एक जोडलेले हात, की पुढचीचा रुमाल हजर. ‘उसवलं’ असं लिहिलं की मात्र कुणीतरी विचारतंच, का गं, काय झालं? मग जिची तिची उसवण बाहेर येते. कुणाचा टाका गळला होता, कुणी दारावरची बेल वाजली म्हणून अर्ध्यात उठली होती. माझी निम्मी हयात उसवण्यात गेली आहे आणि फोटोत त्यातलं काही दिसत नाही. उसवलेली लोकर कशी कुरळी होते, ती धुऊन, खाली वजन बांधून वाळवली की कशी मुकाट्याने सरळ होते, हेही नाही. ज्या दुपारी मुलाचा निकाल होता त्या दुपारची चार बोटं वीण इतकी घट्ट आली आहे की सुई शिरत नव्हती. दिसायला बाकीच्यासारखीच.

आमच्याकडे तर वीण टपालानेच यायची. मावशी नागपूरला, आम्ही रत्नागिरीला. रत्नागिरीत स्वेटरचं काम वर्षातून चार-दोन सकाळी, तेही आग्रह म्हणून. तरी आई विणायची. मावशीच्या अंतर्देशीय पत्रात आधी सगळ्यांना नमस्कार-आशीर्वाद, मग कोण आलं कोण गेलं, आणि त्याच दमात ‘बाहीला 48 टाके घाल’. आकृती नाही, काही नाही. जागा वाचवायची म्हणून परिच्छेदसुद्धा नाही. आई मला समोर बसवून माझ्या दोन्ही हातांत लोकरीची लडी अडकवायची आणि गुंडा करायला घ्यायची. मी हात डावी-उजवीकडे झुलवत राहायचं. नाकाला खाज नेमकी तेव्हाच सुटायची. गुंडा झाला की सुया निघायच्या आणि पत्र माझ्या हातात. ‘वाच.’ मी शब्दाला शब्द वाचायचे: दोन सुलट, लोकर पुढे, दोन टाक्यांचा एक, भाऊजींचा खोकला अजून आहे, शेवटी एक सुलट. आई खोकल्याला सुई थांबवायची, ‘अगं बाई’ म्हणायची आणि पुढे विणायची.

एकदा पत्र घाईत फोडताना डिंक लावलेली कड फाटली आणि तिच्याबरोबर मुंढ्याच्या तीन ओळी गेल्या. आईने त्या अंदाजपंचे विणल्या. तो स्वेटर अंगात जात होता तोवर मला डाव्या काखेत काचत होता.

शब्दही फसवतात, हे मला मान्य आहे. न्यू जर्सीतल्या भाचीला मी टोपड्याची वीण लिहून पाठवली: 10 नंबरच्या सुया, 90 टाके. आता आपल्याकडचे सुयांचे नंबर जुने विलायती, आकडा वाढेल तशी सुई बारीक. 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेत सगळं उलटं, तिकडची 10 नंबर चांगली 6 मिलिमीटरची. पोरीने सुईला शोभेल अशी जाडजूड लोकरही आणली. झाल्यावर पांढऱ्या चादरीवर मांडून फोटो पाठवला. मी ‘कित्ती गोड!’ असं कळवून मोकळी. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉलवर बघते तर टोपडं घालून तिचे सासरे चहा पीत बसलेले. बंदसुद्धा हनुवटीखाली व्यवस्थित बांधलेले. फोटोत डोकं कुठे होतं?

तर तो काचणारा स्वेटर. तो घालून काढलेला माझा एक स्टुडिओतला फोटो आहे, कृष्णधवल. त्यात वीण दिसत नाही, काख दिसत नाही आणि रंग अर्थातच राखाडी. माझ्या मते तो आमसुली होता. धाकटा भाऊ शपथेवर डाळिंबी म्हणतो, आणि त्या वेळी तो पाळण्यात होता. ते फाटलेलं पत्र अजून माझ्या सुयांच्या डब्यात आहे. परवा मुद्दाम काढून पाहिलं. मावशीने लिहिलंय, ‘लोकर वेगळी पाठवते आहे. तुझ्या आवडीचाच रंग मिळाला.’

झालं. आईला विचारायचं राहून गेलं.

म्हणून मावशीलाच फोन लावला. तिला हल्ली सकाळचं दुपारी आठवत नाही. ‘डाळिंबी,’ ती ठासून म्हणाली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

‘नाही गं,’ ती म्हणाली. ‘डाळिंबी माझा. तिचा आमसुली.’

मी काय बोलणार? टोपडं झाल्याचं सांगितलं. चिंतामणी रंगाचं.

‘हं. मग बंद पांढरे नको लावूस.’