शेवटची होडी लागली का?

कोजागिरीच्या रात्री आमच्या शिडाच्या होड्यांच्या मंडळाचं दूध चुलीवर आटत असायचं आणि दर पाच-दहा मिनिटांनी कुणीतरी बाई काठावर येऊन विचारायची, "शेवटची होडी लागली का?" ती लागल्याशिवाय पातेल्यात पळी बुडवायची नाही, हा मंडळाचा नियम. मी आठवीत असल्यापासून तो पाळत आले आणि आजही कुठे मसाला दुधाचा वास आला की माझी नजर आधी पाण्याकडे जाते.

आमचं गाव नाथसागराच्या, म्हणजे गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर आहे. म्हणजे आताचं गाव. जुनं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली तेव्हा आजोबा तरुण होते, आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं तोवर आमचं बिऱ्हाड वर माळावर आलेलं होतं. त्या पाण्याने मराठवाड्याची तहान भागवली, उसाला आणि कापसाला पाणी दिलं, पण आमची आजी बरीच वर्षं काठाकडे पाठ करूनच बसायची.

त्या पाण्यावर शिडाच्या होड्या आणल्या त्या फौजी काकांनी. ते सिकंदराबादला नोकरीला होते, तिथे हुसेनसागरवर शीड चालवायला शिकलेले. निवृत्त होऊन आले आणि गावातल्या सुताराला सोबत घेऊन प्लायवूडची पहिली होडी बांधली. डोलकाठी बांबूची, शीड ताडपत्रीचं. नंतर मच्छिमार मामांच्या जुन्या पत्र्याच्या होडीलाही शीड बसवलं. हळूहळू सात होड्या झाल्या आणि दर गुरुवारी संध्याकाळी शर्यत ठरली. वाळूजच्या कंपन्यांमधली पोरं पहिली पाळी उरकून मोटारसायकलवर धुळीने माखून यायची आणि तशीच पाण्यात उतरायची.

तीन निळी पिंपं पाण्यात नांगरून ठेवलेली असायची, त्यांना वळसे घालून परत यायचं. सुरुवात मात्र अगदी शिस्तीची, जगभर शिडाच्या शर्यतीत असते तशी: पाच मिनिटं उरली की पहिला टोल, मग चार, मग एक, आणि मग सुटायचं. टोल शाळेच्या घंटेचा, म्हणजे रुळाच्या तुकड्याचा. होडी जागेवर उभी करायला ब्रेक नसतो, म्हणून ती पाच मिनिटं सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालत राहायच्या. कोण आधी घुसतो, कोण मागे राहतो, काठावर नुसता कल्ला. जड होडीला काका काही मिनिटांची सूट द्यायचे. तो हिशेब ते वहीत पेन्सिलीने मांडायचे आणि त्यावरून दर आठवड्याला कुणीतरी त्यांच्याशी वाद घालायचंच. बक्षीस एक नारळ. तोही तिथेच फोडून वाटायचा.

माझी चुलत बहीण सुकाणूवर आणि मी शिडाच्या दोरीवर. आम्ही त्या दोरीला कासराच म्हणायचो, कारण काम तेच. ओढला की होडी जोर धरते, सोडला की शांत होते. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही, पंचेचाळीस अंशांच्या आसपास तिरकीच जाते. म्हणून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी काढावी लागते. दर वळणाला शिडाखालचा आडवा बांबू डोक्यावरून सर्रकन जातो. बहीण "वळली!" म्हणाली की मान खाली. समोरासमोर दोन होड्या आल्या तर ज्याच्या उजव्या अंगाने वारा येतोय त्याचा मान, दुसऱ्याने बाजूला व्हायचं. हा नियम शाळेतल्या लेकरांनाही पाठ होता.

एका गुरुवारी आम्ही उलटलो. मामा काठावरून ओरडत होते, "पाणी काळं पडायलंय बघा, वारा आला!" पाण्यावर काळसर पट्टा सरकत येताना दिसतो, तोच वाऱ्याचा झोत. मला तो दिसला, पण कासरा वेळेत सुटला नाही. नारिंगी जॅकेटांमुळे आम्ही दोघी बुचासारख्या वर आलो. काका दुसऱ्या होडीतून शांतपणे म्हणाले, "बाळ, आधी तोंड वाऱ्याकडे करा." बहिणीने पोहत होडीचं नाक वाऱ्याकडे फिरवून धरलं. मी तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभी राहिले, कडेला धरून पाठ मागे टाकली. बराच वेळ काहीच होईना. मग भिजलेलं शीड हळूच पाण्यातून सुटलं, त्यावरून पाणी पन्हळीसारखं ओघळलं आणि होडी एकदम उभी राहिली. त्या दिवशी आम्ही शेवटच्या आलो आणि नारळ आमच्या हातून फोडला गेला.

पण सगळ्यांत मोठा मेळा कोजागिरीचा. लेकी माहेरी आलेल्या, पुण्याला गेलेली मुलं परतलेली, दुपारपासून भाकऱ्या थापल्या जायच्या, वांगी भाजली जायची. धरण भरलं असेल, म्हणजे पाणी १५२२ फुटांना लागलं असेल, तर आमच्या अगदी पायाशी यायचं.

२०१५ साली पाणी आलंच नाही. जिवंत साठा नावाला उरला होता आणि काठ दूर गेला होता. शर्यत कशी घ्यायची? काका म्हणाले, जमायचं तर आहेच. होड्या गाळात पालथ्या घातल्या आणि आम्ही उघड्या पडलेल्या जुन्या गावठाणात बसलो. तेव्हा आजी पहिल्यांदा खाली उतरली. काठी टेकत टेकत एका दगडी जोत्यापाशी थांबली, हाताने गाळ बाजूला केला आणि उखळाचा दगड दाखवला. "हितं मी कांडायची," म्हणाली. बाकी काही बोलली नाही. मग त्या जोत्यावरच तिला दूध दिलं. पुढच्या पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी आलं, उखळ पुन्हा बुडालं.

त्या वर्षीच्या कोजागिरीला शेवटची होडी आमची होती. आश्विनात पावसाळी पश्चिमेचा वारा सरलेला असतो आणि संध्याकाळी कधी कधी पानही हलत नाही. आम्ही अर्ध्यातच अडकलो. वल्हं मारलं की शर्यतीतून बाद, म्हणून नुसत्या बसून राहिलो. चंद्र पाण्यात स्थिर, शीड लोंबलेलं, काठावरचं बोलणं अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू येत होतं. खाली कुठेतरी आजीचं उखळ असेल, असं बहीण म्हणाली. बऱ्याच वेळाने गालाला गार लागलं आणि त्यासोबत वेलदोड्याचा वास आला. म्हणजे वारा काठाकडूनच येत होता, आता सरळ घरी जाता येणार नव्हतं. डावीकडे, उजवीकडे करत, इंचाइंचाने आम्ही निघालो. बांबू घासला तसा आवाज झाला, आणि अंधारातून आजीचीच हाक आली, "शेवटची होडी लागली का गं?"

"लागली!" आम्हीच ओरडलो.