मिनर्व्हा फुल्ल

जूनच्या पहिल्या आठवड्यातील एका दुपारी लोणच्याच्या कैऱ्या आणायला मंडईत गेले होते. पहिला पाऊस पडायच्या आत कैऱ्या घ्यायच्या आणि तेथेच मोठ्या अडकित्त्यावर फोडून घ्यायच्या, हा आमच्या घरचा आजीपासूनचा शिरस्ता आहे, आणि घरी लोणचे खाणारी माणसे आता अडीचच उरली असली तरी मी तो मोडलेला नाही. स्कूटर घेऊन वाहनतळाच्या तोंडाशी पोहोचले, तोच तेथील मुलाने हात आडवा केला आणि म्हणाला, "काकू, मिनर्व्हा फुल्ल झालंय. आर्यनला बघा."

मागच्या रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तरी मी जागची हलले नाही, कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकलेले होते. शब्द हेच होते, त्यांचा क्रमही हाच होता आणि जागाही फार तर पन्नास पावले इकडेतिकडे असेल. त्या वेळी मला कोणी काकू म्हणत नव्हते, एवढाच काय तो फरक.

ते वर्ष १९८० असावे किंवा त्याच्या मागचेपुढचे. आजोळ शुक्रवार पेठेत होते आणि मे महिन्यात आम्ही आठ-नऊ भावंडे तेथे तळ ठोकून असायचो. मामा बँकेत नोकरीला होता, अविवाहित होता आणि आमच्या दृष्टीने अमर्याद श्रीमंत होता. एका रविवारी त्याने आमच्यापैकी चौघांना मिनर्व्हाला सिनेमा दाखवायचे कबूल केले. निवड कशी झाली ते आठवत नाही, पण ज्यांची झाली नाही त्यांनी घातलेला गोंधळ चांगलाच आठवतो. तीनचा खेळ होता. तीन, सहा आणि नऊ हे आकडे त्या काळात घड्याळाइतकेच टॉकीजच्या मालकीचे होते. मामा तिकिटांच्या रांगेत उभा राहिला आणि आम्ही काचेमागे लावलेले सिनेमातील फोटो पाहत थांबलो.

त्या फोटोंविषयी थोडे सांगायला हवे. खेळ सुरू होण्याआधी आम्ही ते एकूण एक पाठ करून घेत असू आणि मग अंधारात बसून एकेक फोटो पडद्यावर कधी येतो याची वाट पाहत असू. दोन-तीन फोटो नेहमीच यायचे राहून जात. सिनेमा संपला की बाहेर येऊन पुन्हा काचेसमोर उभे राहायचे, राहिलेल्या फोटोवर बोट ठेवायचे आणि "हा सीन दाखवलाच नाही" अशी मामाकडे तक्रार करायची, जणू काही त्यानेच तो कापून खिशात घातला होता. त्या न दाखवलेल्या दृश्यांतच खरी गोष्ट असणार, असे मला कित्येक वर्षे वाटत असे, आणि खरे सांगायचे तर थोडेसे अजूनही वाटते.

तर मामा रांगेतून परत आला. आमच्या डोळ्यांदेखत खिडकीवर पाटी लागली होती आणि कोपऱ्यावर उभा असलेला एक माणूस "दो का चार, दो का चार" असे स्वतःशीच बोलल्यासारखे पुटपुटत होता. मामाने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, मग आम्हा चौघांकडे पाहिले, मनात गुणाकार केला आणि म्हणाला, "मिनर्व्हा फुल्ल झालंय. चला, आर्यनला बघू." वर त्याने असेही सांगितले की, पुढच्या रविवारी लवकर येऊन तिकिटे काढू आणि मिनर्व्हालाच जाऊ.

आर्यनला आम्हाला तिकिटे मिळाली. कोणता सिनेमा होता ते आता अजिबात आठवत नाही. कोणीतरी कोणाला तरी लहानपणी हरवले होते आणि शेवटी ती माणसे एकमेकांना सापडली, एवढे नक्की. बाकी लक्षात राहिला आहे तो डोक्यावरून गेलेला प्रकाशाचा झोत, त्यात तरंगणारा विड्यांचा धूर आणि मामाने मध्यंतरात आणलेली खाऱ्या दाण्यांची पुडी, जिच्यातला शेवटचा दाणा ताईने घेतला की मी, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आपण बसलो आहोत ते पुण्यातले पहिले चित्रपटगृह आहे आणि गंगाधरपंत पाठक यांनी ते १९१५ साली, म्हणजे पडद्यावरील माणसांना वाचा फुटण्याच्या कितीतरी आधी सुरू केले होते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी मी पुडीकडेच लक्ष ठेवले असते. १९८३ मध्ये आर्यन पाडण्यात आले. पुढे मिनर्व्हाही गेले. दोन्ही जागी वाहनतळ झाले आणि पाटीवर किंवा पावतीवर काहीही लिहिलेले असो, लोक गाडी लावतात ती मिनर्व्हाला किंवा आर्यनलाच. ज्ञानाची रोमन देवता कोथिंबिरीच्या जुड्या आणि केरसुण्या यांच्या गर्दीत एवढी वर्षे कशी नांदली असेल, असा प्रश्न मला कॉलेजात गेल्यावर पडला होता. मंडईतल्या बायका तिला 'मिनरवा' म्हणत आणि ते नाव बुरूड आळी, तुळशीबाग यांच्या पंगतीत इतके सहज बसून जाई की, ते परके आहे अशी शंका येण्याचे कारणच नव्हते.

नावांच्या बाबतीत आमच्या गावाचे वागणे मोठे विचित्र आहे. पेरूगेटाला पेरू मिळत नाहीत आणि नळस्टॉपला नळ नाही, तरी त्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही. लकडी पुलाला लाकूड नाही आणि त्याचे संभाजी पूल हे नाव बोलण्यात क्वचितच ऐकू येते. त्या पुलाच्या तोंडाशी असलेल्या चौकाला साक्षात लोकमान्य टिळकांचे नाव आहे, पण विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याने आलेला गणपती आम्हाला अलका टॉकीज चौकातच भेटतो. खुद्द मंडई १८८६ साली बांधली गेली तेव्हा मुंबईच्या गव्हर्नराच्या नावावरून ती रे मार्केट झाली आणि पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. माझ्या आजोबांना दोन्ही नावे माहीत होती, पण पिशवी उचलताना ते फक्त "मंडईत जाऊन येतो" एवढेच म्हणत.

सर्वांत गंमत झाली ती प्रभातची. इंदूरच्या सरदार किबे यांनी ते थिएटर १९३४ मध्ये बांधले आणि त्याचे नाव किबे लक्ष्मी थिएटर असे ठेवले. मात्र ते प्रभात कंपनीकडे चालवायला गेले आणि माझ्या आईपासून माझ्या मुलीपर्यंत सगळ्यांनी त्याला प्रभातच म्हटले. २०१४ च्या अखेरीस तो करार संपला, थिएटर मूळ मालकांकडे परत गेले आणि मूळ नाव पुन्हा झळकले, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका आजींनी अगदी कळवळून विचारले, "हे काय नवीनच नाव काढलंय?" मला त्यांचे काही चुकले असे वाटले नाही. मी स्वतः आजही अप्पा बळवंत चौकात पुस्तके घ्यायला गेले की प्रभातवरून गेले असेच सांगते.

घरच्यांच्या मते हा माझा निव्वळ हट्ट आहे. घरी येणाऱ्या कोणालाही मी पत्ता सांगताना नसलेल्या गोष्टींच्या खुणा सांगते, हे खरेच आहे. जेथे पूर्वी पिठाची गिरणी होती तेथून डावीकडे वळा, पिंपळ होता तो बोळ सोडा आणि पुढचा घ्या, असे मी परवाच एका सामान पोहोचवणाऱ्या मुलाला सांगत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मॅडम, लोकेशन टाका ना." मी लोकेशन टाकले. तो चार मिनिटांत दारात आला, गिरणी आणि पिंपळ या दोन्हींना न ओलांडता.

त्या दुपारी मी निमूटपणे आर्यनला स्कूटर लावली. कैऱ्या घेतल्या आणि फोडून घेतल्या. अडकित्त्यावरच्या बाईंनी "बाठा काढायचा का ठेवायचा?" असे दरवर्षीप्रमाणे विचारले आणि मी दरवर्षीप्रमाणे "ठेवा" म्हटले. जड पिशवी घेऊन परत आले, तेव्हा माझ्या मनात आले की, मी आत्ता नेमकी कोठे उभी आहे? स्टॉलमध्ये, पडद्यापाशी की मागच्या दारात? हे ठरवण्यासाठी आधी पडदा कोणत्या बाजूला होता ते ठरवणे भाग होते, आणि ते मला आठवेना. डोळे मिटून पाहिले, तर झोत दिसला, धूर दिसला, मामाचा पांढरा शर्ट दिसला, मात्र झोत कोणत्या दिशेने जात होता ते काही दिसले नाही. तेथूनच ताईला फोन लावला. ती ठामपणे म्हणाली, "मंडईच्या बाजूला होता." मग मावसभावाला लावला. तो तितक्याच ठामपणे म्हणाला, "छे, बरोब्बर उलट!" आणि पुढे त्याने मला पुडीतला शेवटचा दाणा आपण खाल्ला होता असे सांगितले, जे आम्हा दोघी बहिणींना गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे ठाऊक नव्हते. मामाला विचारले असते तर त्याने सांगितले असते. त्याला जाऊन आता चार वर्षे झाली.

"काकू, निघताय ना? मागे गाडी थांबलीये."

मी स्कूटर काढली. जाता जाता त्या मुलाला विचारले, "आर्यन म्हणजे काय, माहीत आहे का?" तो म्हणाला, "हेच की. पार्किंग." येथे पूर्वी टॉकीज होते असे मी सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, "असं सगळेच म्हणतात," आणि मागच्या गाडीला पुढे यायची खूण करू लागला. पुढच्या रविवारी आम्ही मिनर्व्हाला गेलोच नव्हतो, हे मला तेव्हा आठवले. शुक्रवारी तो सिनेमा उतरला होता आणि त्यानंतर बहुधा शाळाच सुरू झाली. मिनर्व्हा मला आतून कसे दिसत होते हे कधीच कळले नाही, आणि तरी इतकी वर्षे मी ते पाहिल्यासारखीच बोलत आले आहे.

घरी येऊन कैऱ्या परातीत पसरल्या, तेव्हा लक्षात आले की मोहरीची डाळ राहिली. म्हणजे पुन्हा मंडई आली. उद्या जरा लवकर निघाले, तर मिनर्व्हा मिळेल.